वध, खून आणि मधला शिपाई

सतराव्या शतकातली काही इंग्रजी राजकीय पत्रके मराठीत आणायला घेतली, तेव्हा वाटले होते की अडचण येईल ती लॅटिन अवतरणांची आणि बायबलमधल्या नावांची. प्रत्यक्षात मी अडले ती शीर्षकावरच. १६५७ च्या मे महिन्यात लंडनमध्ये गुपचूप पसरलेल्या एका पत्रकाचे नाव आहे 'किलिंग नो मर्डर'. तीन शब्द, क्रियापदही नाही. ऑलिव्हर क्रॉमवेल या राज्यकर्त्याला ठार मारणे कायद्याने, धर्माने आणि व्यवहारानेही योग्य आहे, हे त्या पत्रकाचे म्हणणे.

'मर्डर'ला खून हा शब्द आहे. पण 'किलिंग'ला? मराठीत वध आहे, हत्या आहे, ठार मारणे आहे, कत्तल आहे आणि प्रत्येक शब्दाची बाजू आधीच ठरलेली आहे. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी 'वध म्हणजे खून नव्हे' असे लिहिले. कानाला ते इतके सहज लागले की मलाच संशय आला. जे सिद्ध करायला लेखकाने इतकी पाने खर्च केली, ते मराठीने एका शब्दात देऊन टाकले होते. मग हा लेखक कोण, त्याला हे सिद्ध करण्याची गरज का पडली, हे पाहणे भाग पडले. त्या शोधात हाती लागला एक घोडदळातला साधा शिपाई.

त्याचे नाव एडवर्ड सेक्सबी. जन्म साधारण १६१६ चा. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातले युद्ध पेटल्यावर तो पार्लमेंटच्या बाजूने लढायला उतरला. आधी क्रॉमवेलच्या पथकात आणि १६४५ मध्ये 'न्यू मॉडेल आर्मी' उभी राहिल्यावर सेनापती फेअरफॅक्सच्या घोडदळात. अधिकारी नाही, साधा स्वार. युद्ध जिंकले आणि १६४७ च्या वसंतात पार्लमेंटने ठरवले की आता हे सैन्य मोडून टाकावे आणि काहींना आयर्लंडला धाडावे. त्या वेळी पायदळाचा अठरा आठवड्यांचा आणि घोडदळाचा त्रेचाळीस आठवड्यांचा पगार थकलेला होता. शिपायांनी अर्ज केला, तर अर्जाची चळवळ पुढे रेटणाऱ्यांना पार्लमेंटने राज्याचे शत्रू ठरवले.

३० एप्रिल १६४७ या दिवशी तीन स्वारांना कॉमन्स सभेपुढे उभे करण्यात आले. घोडदळाच्या रेजिमेंटांनी मिळून लिहिलेले एक पत्र त्यांनी सेनापतींपर्यंत पोचवले होते. त्या तिघांत सेक्सबी होता, टॉमस शेपर्ड होता आणि विल्यम ॲलन होता. ॲलनचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. सभेने पत्रातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला. तिघांनी सांगितले की हे पत्र अनेक रेजिमेंटांनी एकत्र जमून तयार केले आहे, आम्ही फक्त ते आणणारे आहोत. प्रश्न लेखी द्या, आम्ही रेजिमेंटांना विचारून उत्तर आणतो. देशातल्या सर्वोच्च सभेपुढे, अटकेची भीती समोर असताना, स्वतःच्या वतीने एका वाक्याचा अर्थ सांगायलाही या माणसांनी नकार दिला. सेक्सबीच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याचा शेवट वाचताना तो सतत आठवत राहतो.

या तिघांसारखे प्रतिनिधी मग प्रत्येक रेजिमेंटने निवडले. त्यांना 'ॲजिटेटर' म्हणत. आज त्या शब्दाला भडकवणाऱ्याचा वास आहे, पण तेव्हा त्याचा अर्थ होता कारभारी, दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. जूनमध्ये सैन्याने जाहीर केले की आपण कुणाच्या लहरीसाठी लढणारे भाडोत्री नाही. लोकांच्या हक्कांसाठी शस्त्र उचलले आहे आणि ते मिळेपर्यंत पांगणार नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनजवळ पुटनी या गावी, सेंट मेरी चर्चमध्ये, अधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. चर्चेला होता 'लोकांचा करारनामा' हा मसुदा: दर दोन वर्षांनी पार्लमेंट, उपासनेचे स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता, सक्तीची भरती बंद. वाद पेटला तो मताधिकारावर. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणत होता की ज्याची देशात जमीनजुमल्याची स्थिर मालकी आहे त्यालाच मत असावे. त्यावर सेक्सबी उठला. त्याच्या बोलण्याचा आशय असा: आम्ही जीव धोक्यात घातला तो आमचा जन्मसिद्ध हक्क परत मिळवायला. आमच्यापैकी हजारोंकडे मालमत्ता नाही, पण हक्क होता असे आम्ही समजत होतो. नव्हता, तर मग आम्ही भाडोत्री शिपाईच ठरलो. समोर क्रॉमवेल बसलेला होता. त्यालाही सेक्सबीने तोंडावर सुनावले की राजाला आणि सडक्या पार्लमेंटला खूश करण्याच्या नादात तुमची पत गेली आहे.

हे सारे आज वाचता येते ते सैन्याचा चिटणीस विल्यम क्लार्क याने घेतलेल्या टिपणांमुळे. ती टिपणे जवळजवळ अडीचशे वर्षे अप्रकाशित होती, शेवटी ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजात पडून. इतिहासकार फर्थ यांनी त्यांचा पहिला खंड १८९१ मध्ये छापला.

या भाषणाचे भाषांतर करताना माझी अडचण उलटी झाली. 'बर्थराइट'साठी शब्द शोधावा लागला नाही. तो आयता समोर आला, टिळकांच्या आवाजात. 'जन्मसिद्ध हक्क' म्हटले की मराठी माणसाच्या कानात स्वराज्य आपोआप वाजते. १६४७ च्या इंग्रज स्वाराच्या तोंडी तो शब्द घालताना मला क्षणभर अपराधी वाटले आणि मग वाटले, का नाही? दोघांनीही सत्तेपुढे उभे राहून एकच गोष्ट सांगितली, की हा हक्क कुणी दिलेला नाही, म्हणून कुणी काढून घेऊही शकत नाही.

पुटनीनंतर चित्र झपाट्याने पालटले. १६४८ मध्ये युद्ध पुन्हा भडकले. प्रेस्टनच्या विजयाची वार्ता देणारे क्रॉमवेलचे पत्र घेऊन सेक्सबीच पार्लमेंटपुढे आला आणि सभेने त्याला शंभर पौंड बक्षीस दिले. दीड वर्षापूर्वी ज्या सभेने त्याची उलटतपासणी केली होती, तीच ही सभा. जानेवारी १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले. सेक्सबी कॅप्टन झाला, पोर्टलंडच्या किल्ल्याचा अधिकारी झाला, पुढे पायदळाची तुकडी घेऊन स्कॉटलंडला गेला. तिथे १६५१ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला झाला. आरोप होता काही शिपायांचा पगार अडवून ठेवल्याचा. ते माझ्या हाताखाली यायला तयार नव्हते, म्हणून पगार रोखला, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने त्याला सेवेतून काढले. थकलेल्या पगारासाठी उभा राहिलेला शिपाई चार वर्षांत पगार अडवणारा अधिकारी म्हणून बाहेर पडला. त्याच्या टीकाकारांनी यावर बोट ठेवले तर नवल नाही. सत्तेच्या खुर्चीत बसल्यावर प्रत्येकाचे थोडे असे होते, एवढेच मी म्हणेन.

त्याच वर्षी सरकारने त्याला गुप्त कामगिरीवर फ्रान्सला पाठवले. तिथे फ्रोंदचे बंड चालू होते आणि बोर्दो शहरात 'ऑर्मे' नावाचा गट जोर धरत होता. वकील, कारागीर, छोटे व्यापारी शहरातल्या एल्म झाडांखाली जमत, त्या झाडांवरून हे नाव. १६५२ च्या उन्हाळ्यात शहर त्यांच्या हाती आले. सेक्सबीने त्यांच्यापुढे काय ठेवावे? पुटनीत ज्यावर वाद झाला त्या 'लोकांच्या करारनाम्या'ची फ्रेंच आवृत्ती. 'लाकोर दु पप्ल', म्हणजे इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर.

इथे मी व्यवसायबंधू म्हणून त्याच्याकडे पाहते. हरलेली चळवळ सामानात बांधून परक्या भाषेत न्यावी आणि तिथे ती रुजेल अशी आशा धरावी, हे भाषांतर करणाऱ्यालाच सुचते. करारनामा बोर्दोत रुजला नाही. मला वाटते त्याचे एक कारण भाषेतच होते. इंग्लंडमध्ये 'जन्माने मिळालेला हक्क' म्हणताना पुटनीच्या शिपायांना प्रत्येक इंग्रज अभिप्रेत होता. फ्रान्समध्ये जन्माने हक्क मिळत ते सरदारांना. तिथे 'जन्म' हा शब्द समोरच्या गटाच्या मालकीचा होता. शब्द नेता येतो, त्याच्यामागचे भांडण नेता येत नाही. १६५३ च्या उन्हाळ्यात बोर्दो राजाच्या सैन्यापुढे नमले आणि सेक्सबी इंग्लंडला परतला.

परतला त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रॉमवेल 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला, म्हणजे देशाचा पालक. राजा मारून जे मिळवायचे होते ते हेच का, हा प्रश्न सैन्यातल्या अनेक जुन्या माणसांना पडला. बहुतेकांनी तो गिळला. सेक्सबीने गिळला नाही. तो असंतुष्ट अधिकाऱ्यांना जोडू लागला, १६५५ च्या सुरुवातीला त्याला पकडायचे प्रयत्न झाले आणि तो निसटून फ्लँडर्सला गेला. तिथून पुढचा प्रवास वाचताना मन उदास होते. क्रॉमवेलला पाडायचे तर पैसा हवा, माणसे हवीत. पैशासाठी तो स्पेनच्या राजाकडे गेला, माणसांसाठी हद्दपार चार्ल्सच्या पक्षाकडे. ज्या राजेशाहीविरुद्ध तो दहा वर्षे लढला तिचेच लोक आता त्याच्या बाजूला बसले होते.

त्याला लंडनमध्ये हात हवा होता. तो मिळाला माइल्स सिंडरकोमच्या रूपाने. हाही जुना शिपाई. स्कॉटलंडमधल्या लष्करी कटानंतर हॉलंडला पळालेला. १६५६ मध्ये सेक्सबीने दिलेले पैसे आणि हत्यारे घेऊन तो कामाला लागला. वेस्टमिन्स्टरजवळ घर भाड्याने घेतले, सप्टेंबरात पार्लमेंट भरायच्या दिवशी क्रॉमवेलवर गोळी झाडायची होती. गर्दी इतकी झाली की निसटणे अशक्य दिसले आणि बेत फसला. मग हॅमरस्मिथला, हॅम्प्टन कोर्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणखी एक जागा. एकाच वेळी अनेक गोळ्या सुटतील अशा बंदुका. तोही बेत सिद्धीस गेला नाही. शेवटी जानेवारी १६५७ मध्ये व्हाइटहॉल वाड्याच्या प्रार्थनामंदिरात आग लावायचे साहित्य ठेवले, वात पेटवली. कटात ओढलेला क्रॉमवेलच्या पहाऱ्यावरचा एक शिपाई, जॉन टूप, आधीच सगळे सांगून मोकळा झाला होता. सिंडरकोम पकडला गेला, फेब्रुवारीत देशद्रोहाचा खटला होऊन मृत्युदंड झाला आणि फाशीच्या आदल्या रात्री टॉवरमध्ये त्याने विष घेतले.

त्याच महिन्यात पार्लमेंटमध्ये एक सूचना आली: क्रॉमवेलने राजा व्हावे. मुकुट घ्यावा की नाही, यावर आठवडेच्या आठवडे खल झाला. ८ मे रोजी त्याने तो नाकारला. आणि याच मे महिन्यात हॉलंडमध्ये छापलेले ते पत्रक लंडनमध्ये आले. वर लेखकाचे नाव होते विल्यम ॲलन. कॉमन्सपुढे बरोबर उभ्या राहिलेल्या त्या जुन्या सोबत्याचे.

पत्रकाची सुरुवात क्रॉमवेललाच केलेल्या अर्पणाने होते. लोकांसाठी मरण्याचा मान तुम्हालाच मिळायचा आहे, अशा सुरात ते थंडपणे त्याची स्तुती करते. दुसरे निवेदन आहे सैन्यातल्या त्या अधिकाऱ्यांना आणि शिपायांना, ज्यांना आपली जुनी शपथ अजून आठवते. मग तीन प्रश्न: प्रोटेक्टर हा जुलमी राज्यकर्ता आहे का? त्याला मारणे न्याय्य आहे का? आणि मारून देशाचा काही फायदा आहे का? उत्तरांसाठी ॲरिस्टॉटल, टॅसिटस, मॅकियाव्हेली, ग्रोशियस, सगळे रांगेत उभे केले आहेत. बायबलमधून एहूद येतो: डावखुरा, उजव्या मांडीला कट्यार बांधून राजाला 'गुप्त निरोप' सांगायला एकांतात जाणारा. लेखनात सेक्सबीबरोबर राजपक्षाचा कर्नल सायलियस टायटस याचाही हात होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६५८ मध्येच त्याचे फ्रेंच भाषांतर निघाले. पत्रक त्याच्या लेखकापेक्षा कितीतरी अधिक जगले.

एहूदचा परिच्छेद भाषांतरित करताना मराठी वाचकाला काय आठवेल हे सांगायला नको. प्रतापगडाच्या पायथ्याची भेट या पत्रकानंतर अडीच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ची. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण मराठीत ती घटना 'अफझलखानाचा वध' म्हणूनच ओळखली जाते, आणि १८९७ च्या शिवराज्याभिषेक उत्सवात ती कृती न्याय्य होती का, यावर भाषणे झाली. त्यांचा वृत्तान्त १५ जूनच्या 'केसरी'त आला. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तो चालला भाषांतरांच्या आधाराने. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते, निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. दीड वर्षाची सक्तमजुरी. १९०८ च्या खटल्यातही सरकारी भाषांतरातल्या एकेका शब्दावर टिळकांनी आक्षेप घेतले. आमच्या भाषेत मारण्याचा शब्द निवडणे ही कोर्टकचेरीची गोष्ट आहे, ती अशी.

वध हा शब्द कंसाला, कीचकाला, जरासंधाला लागतो. मारणारा तिथे देव असतो किंवा देवाच्या बाजूचा. खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' लिहिले तेव्हा कीचक कोण हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. सरकारलाही कळले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुढे हाच शब्द गांधीजींच्या बाबतीत वापरला गेला. काहींनी तो जुन्या सवयीने लिहिला, काहींनी जाणूनबुजून. म्हणून आजही मराठीत 'गांधीवध' की 'गांधीहत्या', यावरून बोलणाऱ्याकडे वळून पाहिले जाते. त्या कटात शिक्षा भोगून आलेल्या गोपाळ गोडसे यांनी स्वतः आपल्या पुस्तकाच्या नावात 'गांधीहत्या' लिहिले, हे मात्र या वादात फारसे कुणी आठवत नाही.

तर मी 'वध' खोडला. सेक्सबीशी प्रामाणिक राहायचे तर त्याला तो शब्द देता येत नाही. इंग्रजी 'किलिंग' साधा आहे, तो कुणाची बाजू घेत नाही. सेक्सबीला म्हणूनच पानेच्या पाने युक्तिवाद करावा लागला. वाचकाने तो तपासावा, पटला नाही तर फेकून द्यावा, एवढी मोकळीक मूळ शीर्षकात आहे. 'वध' म्हटले की निकाल आधी आणि पुरावा नंतर. 'हत्या' म्हटले की उलट बाजूने तेच. शेवटी मी लिहिले, 'मारणे म्हणजे खून नव्हे'. शीर्षक जरा ओबडधोबड झाले. पण त्याचे म्हणणे पुन्हा त्यालाच सिद्ध करायला लागले.

आणि ते सिद्ध झाले का? पहिल्या दोन प्रश्नांवर मी अजून त्याच्याशी भांडते आहे. तिसऱ्याचे उत्तर इतिहासाने दिले. जून १६५७ मध्ये सेक्सबी स्वतः इंग्लंडला आला, बहुधा सिंडरकोमचे राहिलेले काम पुरे करायला. २४ जुलैला परतीच्या जहाजावर चढताना तो पकडला गेला. अंगावर गरिबाचे कपडे, वेश ओळखू येऊ नये म्हणून वाढवलेली दाढी. टॉवरमध्ये त्याने पत्रक आपलेच असल्याचे कबूल केले. त्याच्या मनाचा तोल गेल्याच्या बातम्या बाहेर आल्या आणि १३ जानेवारी १६५८ रोजी तो तिथेच मेला. आठ महिन्यांनी, ३ सप्टेंबरला, क्रॉमवेल अंथरुणात आजारपणाने मेला. कुणाला त्याला मारावे लागले नाही. दोन वर्षांच्या आत राजा परत आला. टायटसने पत्रकाचे श्रेय स्वतःकडे घेतले आणि त्याला दरबारात जागा मिळाली. पुटनीच्या शिपायांनी मागितलेले मत मालमत्ता नसलेल्या इंग्रज पुरुषाला मिळायला विसावे शतक उजाडले.

क्रॉमवेल मेला असता तर मत मिळाले असते का? पत्रक तिसऱ्या प्रश्नाला ठाम 'हो' म्हणते. पण लोक पुढे काय करतील हे त्यांना विचारायची सोय त्या योजनेत कुठेच नव्हती. एक खोली, एक बंदूक, एक हात, आणि बाकी सगळ्या देशाने दुसऱ्या दिवशी उठून स्वतंत्र व्हायचे. सेक्सबी भित्रा नव्हता, विकला गेलेलाही नव्हता. पुटनीत जो अन्याय त्याने ओळखला तो खरा होता आणि क्रॉमवेलने शब्द फिरवला हेही खरे होते. एवढे खरे हाती असताना माणूस एकटा पडला की तो कुठे पोचतो, हे त्याच्या दहा वर्षांत दिसते.

१६४७ मध्ये एका वाक्याचा अर्थ सांगण्याआधी त्याला रेजिमेंटांना विचारायचे होते. १६५७ मध्ये एका माणसाच्या मरणाचा निर्णय त्याने साऱ्या देशाच्या वतीने लिहून टाकला आणि खाली नाव घातले दुसऱ्याचे. भाषांतराचा खर्डा पुरा झाल्यावर मी शीर्षकपानावर पत्रकाच्या प्रथेप्रमाणे 'विल्यम ॲलन' हेच नाव ठेवले. त्याखाली कंसात, लहान अक्षरांत, एडवर्ड सेक्सबी. ज्याने म्हटले त्याच्या नावावर ते म्हणणे असावे, एवढीच या शिपायाची थकबाकी मला फेडता आली.